रफारकाका आणि अक्काची तबकडी

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी अक्का कुटुंबाच्या ग्रुपमधून बाहेर पडली आणि अकरा बावीसला रफारकाकांनी कप इतक्या जोरात खाली ठेवला की बशीचे दोन तुकडे झाले. काकूंनी तुकडे उचलले आणि ज्याच्यावर राग काढायचा असेल त्याच्यावर काढा, बशा बाहेरून आणाव्या लागतात, असं सांगून त्या आत गेल्या.

ज्याच्यावर राग काढायचा तो समोर सोफ्यावर बसला होता. पण तो जावई होता. जावयावर ओरडता येत नाही. फार तर त्याला जास्तच आदराने बोलवता येतं. काका दात आवळून म्हणाले, "जावईबापू, आपण हे काय करून ठेवलंत?"

जावईबापूंनी केलं होतं ते असं. कपाट आवरताना त्यांना एक लहान तबकडी सापडली. लेबलवर अक्काचं, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीचं, नाव. त्यांनी ती कोपऱ्यातल्या जुन्या प्लेअरवर लावली, स्पीकरसमोर फोन धरला आणि जे काही आत शिरलं ते 'अक्कांचा एकोणिसाव्या वर्षीचा आवाज!!' अशा दोन उद्गारचिन्हांसह ग्रुपवर टाकून दिलं. आत कुकरच्या तीन शिट्ट्या होत्या, दारावरची बेल होती, तळणीत काहीतरी पडावं तशी अखंड चरचर होती आणि तिच्या मागे कुठेतरी अक्का गात होती. तरी बावीस जणांनी 'वा' लिहिलं. तेविसाव्याने, म्हणजे मावसभावाने, लिहिलं, 'आवाज गोड आहे, पण सूर जरा हलतो का?'

यानंतर अक्का ग्रुपमधून गेली. फोन केला तर उचलेना.

रफारकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून ते निवृत्त झाले होते, आणि सोसायटीच्या नोटिशीवरून पडलेला रफार जिना उतरून, पेन मागून, परत जागेवर बसवून आले होते. तेव्हापासून हे नाव. दुसऱ्याची चूक दिसली की त्यांना ती डोळ्यात गेलेल्या कुसळासारखी खुपायची, आणि 'सूर हलतो' ही तर बावन्न वर्षं खुपत होती.

कारण हे वाक्य मावसभावाचं नव्हतंच. कंपनीने तबकडी काढली तेव्हा नमुन्याची एक प्रत घरी पाठवली होती. सगळे भोवती बसले. गाणं संपल्यावर अक्काचे गुरुजी, ज्यांनी स्वतः साथीला पेटी वाजवली होती, डोळे मिटून म्हणाले, "सूर हलतो." एवढंच. वडिलांनी दुसऱ्या दिवशी कंपनीला पत्र लिहून काम थांबवलं. अक्का टेलिफोन ऑफिसात लागली आणि पुढची तीस वर्षं त्या गळ्यातून 'थांबा, जोडते' याखेरीज काही बाहेर आलं नाही. ती एक प्रत तेवढी राहिली.

"फोनच्या रेकॉर्डिंगमुळे तसं ऐकू आलं," रफारकाकांनी त्या रविवारी जाहीर केलं. "मी तबकडीचं नीट रेकॉर्डिंग करतो. असं करतो की मावसभावाची पुन्हा तोंड उघडायची हिंमत होता कामा नये."

जावईबापू म्हणाले की त्यासाठी एक ॲप आहे. काका म्हणाले, आपण चहा घ्या.

सोमवारी त्यांनी तबकडी धुवायला घेतली. ही बातमी इमारतीत कशी पसरली कोण जाणे, पण दुपारपर्यंत तीन जणांनी तीन सल्ले दिले. एक म्हणाला, भांड्यांचा साबण. दुसरा म्हणाला, साबण लावलात तर संपलं, स्पिरिट लावा. तिसऱ्याच्या साडूने म्हणे सुताराचा डिंक तबकडीवर ओतून, वाळवून, सालीसारखा सोलून काढला होता आणि धुळीचा कण राहिला नव्हता. तबकडी राहिली का, हे साडूला कोणी विचारलं नव्हतं. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मनातल्या मनात प्रत्येकाला एकेक शिवी घातली, बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाणी आणलं आणि लेबलवर वाटी पालथी धरून मऊ ब्रशने तबकडी धुतली. हे त्यांचं त्यांना सुचलं होतं आणि ते बरोबर होतं. या सबंध प्रकरणात पहिल्या फटक्यात बरोबर निघालेली ही एकमेव गोष्ट.

चरचर कमी झाली. आता तिच्याखाली दडलेली घूं ऐकू येऊ लागली. प्लेअर चालू केला की घूं. गाणं असो, नसो, घूं.

वरच्या मजल्यावर वीज खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांना सगळे सबस्टेशन म्हणत. सबस्टेशन खाली आले, प्लेअरला कान लावला आणि डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घ्यावं तसं काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "अर्थिंग गेलंय. तुमचं नाही, सगळ्या इमारतीचं." काकांना हे पटलं. आपल्या घरात चूक नसून सगळ्या इमारतीत आहे, हे कुठल्याही सज्जन माणसाला चटकन पटतं.

संध्याकाळी सातला दोघे मीटरच्या खोलीत शिरले. सबस्टेशननी एक पेटी उघडली, एक स्क्रू फिरवला, म्हणाले, "हे बघा," आणि सगळी इमारत काळोखात गेली. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे थांबली. आत सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते पन्नास मिनिटं आत होते आणि त्यातली पहिली दहा सोडली तर सगळा वेळ बोलत होते.

दिवे आल्यावर काका घामाने निथळत घरी आले, तर काकू प्लेअरच्या मागे अजून मेणबत्ती घेऊनच उभ्या होत्या. झाडताना रोज हाताला लागणारी एक हिरवी तार लोंबकळतेय, ती कुठे लावायची असते का, असं त्यांनी विचारलं. ती ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लावायची असते. लावली. घूं बंद.

"रोज हाताला लागत होती तर बोलली का नाहीस?"

काकू म्हणाल्या, "तुम्ही कोणाला बोलू देता?"

दुसऱ्या दिवशी खाली नोटीस लागली. तिच्यात काकांचा उल्लेख 'काही बेजबाबदार सभासद' असा होता. पण त्याहून वाईट म्हणजे 'सूचना'तला सू ऱ्हस्व होता आणि 'वीज'मधला वी पण. काकांनी माफीचं पत्र लिहिलं आणि सोबत ती नोटीस लाल शाईने दुरुस्त करून जोडली. माफी स्वीकारली गेली नाही.

आता राहिली सुई. जुनी सुई बोथट झाली होती, आणि बोथट सुई तबकडी वाचत नाही, खरवडते. चांगली सुई परदेशातून मागवावी लागली. वीस दिवसांनी सुईऐवजी पार्सल ऑफिसचा कागद आला. वस्तू: हिरा, नग एक. मौल्यवान खड्यांच्या विभागात वजनाच्या दाखल्यासह हजर राहावे.

सुईच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो हे खरं. तिथला अधिकारी सभ्य होता, म्हणजे खुर्चीत बसा म्हणाला. त्याने विचारलं, हिरा आहे की नाही? नाही म्हटलं असतं तर पाच मिनिटांत सुटका होती. शेजारच्या शिपायाने डोळ्यांनी तसं सुचवलंही. पण ज्याने चौतीस वर्षांत एक चुकीचा अनुस्वार सोडला नाही, तो खोट्या कागदावर सही कशी करणार?

"आहे," काका म्हणाले.

मग वजनाचा दाखला. सराफ म्हणाला, याचं वजन करणारा काटा जगात असेल, माझ्याकडे नाही. तसं लिहून द्या म्हटलं तर त्याने गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून पाठ फिरवली. दुसरी खेप, तिसरी खेप. दर खेपेला तोच जिना, तोच पंखा, तोच अधिकारी आणि 'काका, तुम्ही परत आलात' हे वाक्य. तिसऱ्या खेपेला काकूही सोबत गेल्या आणि अधिकारीही वैतागला. त्याने सर्वांसमक्ष डबी उघडली, चष्मा वर केला, खाली केला, सुई उजेडात धरली आणि कागदावर लिहिलं: 'प्रत्यक्ष पाहणी केली असता हिरा आढळून आला नाही. पार्सल द्यावे.'

काका भडकले. हिरा नाही, तर सुईच्या कंपनीने फसवलं असा अर्थ होतो. हिरा आहे, तर हा शेरा खोटा. दोन्हीपैकी काय ते लिहा. अधिकाऱ्याने डबी काकूंच्या हातात दिली आणि काकूंनी काकांचा दंड धरून त्यांना जिन्याने खाली आणलं.

त्या दुपारी नवी सुई बसली. काकूंनी पंखा बंद केला. काकांनी हेडफोन चढवले. चरचर नाही, घूं नाही. पेटीचा भाता उघडतो-मिटतो तेसुद्धा ऐकू येत होतं. अक्काने गाण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. एकोणीस वर्षांची अक्का त्यांच्या कानाशी उभी होती.

पहिल्या कडव्याच्या शेवटी सूर लांबवायची जागा आली आणि सूर हलला.

स्वच्छ हलला. आता त्यावर पांघरूण घालायला चरचरसुद्धा नव्हती. झोपाळ्यासारखा वर, खाली, वर, खाली.

काकांनी हेडफोन काढून ठेवले. दीड महिना राबून, सेक्रेटरीला लिफ्टमध्ये कोंडून, सरकारदरबारी हिरेवाला ठरून त्यांनी सिद्ध काय केलं, तर मावसभाऊ बरोबर होता. त्यांना मावसभावाचा राग आला, गुरुजींचा आला, आणि मग, स्वतःचीच लाज वाटावी असा, अक्काचा आला. एवढी एक जागा हिला धरता आली नाही?

काकूंनी जेवायला हाक मारली. ते गेले नाहीत. त्यांनी तबकडी पुन्हा लावली, पुन्हा लावली. मुद्रितातली चूक सापडली की ती नेमकी कुठे सुरू होते ते बघायची त्यांना खोड होती. म्हणून ते मागे मागे जात राहिले: लांबवायच्या जागेच्या आधी, कडव्याच्या आधी, अक्काच्या श्वासाच्याही आधी, जिथे नुसती पेटी एक सूर धरून होती.

तो सूरही हलत होता.

काका उठून उभे राहिले. माणसाचा गळा हलेल. माणूस घाबरतो, दमतो. पण पेटीला गळा नसतो. आत पितळेची पट्टी असते. ती एका सुरात वाजते आणि वाजवणाऱ्याने मनात आणलं तरी असा झोका घेत नाही. मग पेटी हलली कशी? आणि अक्काच्याच लयीत हलली कशी? त्यांनी दुसरी तबकडी लावली. सूर खांबासारखा. अक्काची लावली आणि या वेळी कान सोडून डोळे वापरले. प्रत्येक फेऱ्याबरोबर सुईचा दांडा डावीकडे जात होता, उजवीकडे येत होता, बसल्या बसल्या पेंगणाऱ्या माणसाच्या डोक्यासारखा.

तबकडी कागदात गुंडाळून ते तडक घड्याळजीकडे गेले. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, पट्टी लावली, तबकडी चारदा फिरवली आणि म्हणाला, "गाण्यात काही चूक नाही हो. भोक मध्यावर नाही. एक मिलिमीटर सरकलंय."

एक मिलिमीटर. घड्याळजीने सांगितलं की भोक एका अंगाने कानसून पितळेची बारीक कडी बसवता येईल. पण हात चुकला तर तबकडी गेली. दुसरी प्रत आहे का? नाही, काका म्हणाले, जगात नाही. आणि दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. आत कानस चालू होती तेवढा वेळ त्यांनी समोरच्या पाटीवरच्या सात चुका मोजल्या आणि एकही दुरुस्त केली नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी फ्रिज बंद होता, कुकरला बंदी होती आणि सबस्टेशनना खुर्चीतून उठायचं नाही असं बजावलं होतं. जावईबापूंना बोलवावं लागलं. आवाजाचा पट्टा लाल रेघेला टेकू द्यायचा नाही, फाइल दाबून लहान करायची नाही, हे त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी ते अगदी नम्रपणे सांगितलं. जावई उपयोगी पडला याचा काकांना जो राग आला त्याला तोड नव्हती.

त्याच दुपारी काका अक्काकडे गेले. ती दार अडवून उभी राहिली. मला ते ऐकायचं नाही, तू घरी जा, म्हणाली. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा अक्काचं ऐकलं नाही. तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

तीन मिनिटं ती भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "परत लाव." परत लावलं. मग तिने हे कसं केलंस ते विचारलं आणि काकांनी भोक, दांडा, पेटीची पट्टी, कडी, सगळं सांगितलं. "सूर तेव्हाही हलत नव्हता, अक्का. तबकडी हलत होती."

ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. रुमालही त्यांनी काढून ठेवला होता. अक्का उठली. ओट्यावरचं स्वच्छ पातेलं पुन्हा घासून, विसळून पालथं घातलं.

"ही तबकडी तुझ्या कपाटात किती वर्षं होती?"

"एकतीस."

"एकतीस वर्षं. आणि तू लोकांच्या वेलांट्या बघत बसलास."

काकांनी काढून ठेवलेला रुमाल परत खिशात घातला.

"चपला घाल," अक्का म्हणाली. "गुरुजींकडे जायचंय."

बसमध्ये कंडक्टरने सुटे मागितले, तर त्याच्याकडे तिने असं बघितलं की तो पुढे निघून गेला.

गुरुजी एकोणनव्वद वर्षांचे होते. दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीशी आरामखुर्चीत बसलेले, कानात शिट्टी मारणारं यंत्र. सुनेने ओरडून ओळख करून दिली. त्यांनी मान हलवली. ओळखलं की नाही ते कळलं नाही. अक्काने काही न बोलता त्यांचं यंत्र काढलं, हेडफोन लावले आणि आवाज पूर्ण वाढवला.

गुरुजींनी डोळे मिटले. बोटं खुर्चीच्या हातावर चालू लागली. संपल्यावर चेहरा खुलला. "पेटी छान आहे. कोण वाजवतंय?"

"तुम्हीच," अक्का त्यांच्या कानाशी म्हणाली.

ते खूश झाले. "आणि गाणारी?"

"मी."

"पक्का सूर आहे गं. मग पुढे गायली का नाहीस?"

अक्काने प्रत्येक शब्द वेगळा करून सांगितलं, "तुम्ही म्हणालात, सूर हलतो."

"मी?" गुरुजींनी आठवून बघितलं. आठवलं नाही. "म्हणालो असेन. सगळ्यांनाच म्हणायचो. म्हटलं की मुली जास्त मेहनत करतात."

काका पुढे सरले. या वाक्यातली प्रत्येक चूक ते आता लाल शाईशिवाय दुरुस्त करणार होते. तेवढ्यात अक्काचा हात आडवा आला.

"बाळ्या, तू खाली जाऊन थांब."

बावन्न वर्षांचा राग आहे, काढू दे, असं स्वतःला समजावत ते जिना उतरले आणि फाटकापाशी उभे राहून आरडाओरड्याची वाट बघू लागले. आरडाओरडा झाला नाही. वरच्या खिडकीतून गाणं ऐकू आलं.

पेटी नव्हती. आवाज जड झाला होता, मधेच चिरत होता, श्वास कडव्याच्या निम्म्यावरच संपत होता. पण ती म्हाताऱ्याच्या कानाशी गात होती, म्हणजे जवळजवळ भांडतच गात होती, आणि रस्त्यावर स्पष्ट ऐकू येत होतं. समोरच्या खिडकीत कोणीतरी पडदा सारला.

नेमका तेव्हा एक मालाचा टेम्पो फाटकाशी येऊन हॉर्न वाजवू लागला. काका त्याच्या समोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवले.

"हॉर्न बंद करा."

ड्रायव्हर म्हणाला की काका, तुम्ही रस्त्यात उभे आहात, गाडी आत घ्यायचीय. काका म्हणाले, इंजिनही बंद करा. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून वर बघितलं, काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि किल्ली फिरवली. सूर लांबवायची जागा आली. अक्काचा आवाज तिथे फाटला, घोगरा झाला, पण जिथे लावला होता तिथून तसूभरही सरकला नाही.

"कोण आहे हो?" ड्रायव्हरने हळू आवाजात विचारलं.

"माझी बहीण."

वर कडवं संपलं. मग त्याने किल्लीकडे हात नेला. "झालं ना आता?"

"नाही," रफारकाका बॉनेटवरचे हात न काढता म्हणाले. "अजून एक कडवं आहे."